‘साहेबांवर केस झाली’ म्हणजे नेमकं काय झालं? माजी मंत्र्याची केस फॉलो कशी करायची

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच वाद होतो. कुठल्यातरी माजी मंत्र्याला ईडीनं नाहीतर एसीबीनं बोलावलं की मामा लिहितात "आत टाका सगळ्यांना", आतेभाऊ लिहितो "सूडाचं राजकारण", दोघं मिळून शंभरेक मेसेज करतात आणि शेवटी आत्या फुलांचा फोटो टाकून विषय बंद करते. गंमत म्हणजे सहा महिन्यांनी विचारलं की अरे त्या केसचं काय झालं, तर दोघांनाही पत्ता नसतो. मलाही नसायचा. मग मी एक दोनशे पानी वही घेतली आणि केसेस लिहून ठेवायला लागलो, तारीख घालून, आणि तेव्हा कळलं की आपण सगळे चुकीच्याच ठिकाणी बघत बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. सत्तेत असताना घोळ घातला असेल तर खटला चाललाच पाहिजे, माणूस माजी झाला म्हणून सोडायचं कारण नाही. पण खटला चालणं आणि अटक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटकेचा व्हिडिओ टीव्हीवर दिसतो, खरी मारामारी मात्र त्याच्या आधी परवानगीच्या फाईलवर होते आणि त्याच्या नंतर वर्षानुवर्षं तारखांवर होते, जिथे कॅमेरा नसतो. आणि महाराष्ट्रात तर ‘माजी’ हा शब्दच तात्पुरता, आज माजी असलेला पुढच्या विस्तारात शपथ घेताना दिसतो. त्यामुळे केस फॉलो करायची तर ती पक्षाच्या बातम्यांतून नाही, कागदातून करायची. कशी ते सांगतो.

आधी बातमीतला शब्द पकडा

"चौकशी सुरू" म्हणजे गुन्हा दाखल नाही. लाचलुचपतवाले, म्हणजे एसीबी, आधी गोपनीय चौकशी करतात, मग उघड चौकशी करतात, आणि त्यात काही सापडलं तर मग गुन्हा दाखल होतो. उघड चौकशी वर्षानुवर्षं तशीच पडून राहू शकते, आणि तोपर्यंत पेपरात मात्र दहा वेळा "अडचणीत वाढ" छापून येतं. माझा नियम असा की गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव मिळेपर्यंत वहीत नवीन पान उघडायचं नाही.

ईडीचं वेगळं आहे. ईडी स्वतःहून भ्रष्टाचाराचा गुन्हा शोधत नाही, आधी कुणीतरी, म्हणजे पोलीस, एसीबी, सीबीआय यांपैकी कुणीतरी मूळ गुन्हा नोंदवलेला असावा लागतो आणि त्या गुन्ह्यातून आलेला पैसा ईडी शोधते. जुलै २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही सांगून ठेवलंय की मूळ गुन्ह्यातून माणूस सुटला तर ईडीची केसही टिकत नाही. म्हणून ईडीच्या बातमीत सगळ्यात आधी मूळ गुन्हा कुठला आणि तो सध्या कुठे पोचलाय हे शोधायचं. बातमीत ते बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असतं, काही वेळा नसतंच.

"क्लीन चिट" हा शब्द तर मला सर्टिफिकेट दिल्यासारखा वाटतो, पण कायद्यात असलं काही नाही. आपल्याकडे पोलीस केस बंद करतात तेव्हा कोर्टात समरी रिपोर्ट देतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही, बी समरी म्हणजे तक्रारच खोटी, आणि सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. तिन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे पण बातमीत तिन्हींना क्लीन चिटच म्हणतात. शिवाय समरी कोर्टानं मान्य करावी लागते, मूळ तक्रारदार त्याला विरोध करू शकतो आणि कोर्ट पुढचा तपास करायला सांगू शकतं. तेव्हा "क्लीन चिट" वाचलं की लगेच दोन प्रश्न: कुठली समरी, आणि कोर्टानं मान्य केली का.

तसंच "दोषमुक्त" आणि "निर्दोष मुक्तता". दोषमुक्त म्हणजे आरोप निश्चित व्हायच्या आधीच कोर्ट म्हणालं की कागदांवरून खटला चालवण्याइतकंही काही नाही. निर्दोष म्हणजे साक्षी-पुरावे होऊन, पूर्ण खटला चालून सुटला. छगन भुजबळांचं बघा, मार्च २०१६ ला ईडीनं अटक केली, मे २०१८ ला हायकोर्टानं जामीन दिला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामाबद्दलच्या एसीबीच्या केसमध्ये विशेष कोर्टानं त्यांना दोषमुक्त केलं. म्हणजे ईडीच्या केसमध्ये दोन वर्षं तुरुंगात गेली आणि एसीबीच्या केसमध्ये साक्षीदार उभाच राहिला नाही. ते दोषी होते असं तुम्ही मानत असाल तर ही तपास यंत्रणेची नाचक्की आहे, आणि निर्दोष होते असं मानत असाल तर दोन वर्षं कुणी परत द्यायची. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी अटक म्हणजे न्याय झाला असं म्हणता येत नाही.

परवानगीची फाईल, इथेच जास्त वेळ द्या

हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळी मेख इथेच आहे. लोकसेवकावर, म्हणजे मंत्र्यावरही, भ्रष्टाचाराचा खटला चालवायला सरकारची किंवा राज्यपालांची मंजुरी लागते, सरकारी भाषेत अभियोगपूर्व मंजुरी. उद्देश बरोबर आहे, नाहीतर निर्णय घेणाऱ्या प्रत्येक माणसावर कुणीही उठून केस टाकेल. पण मंजुरी देणारा कोण आणि तो कुणाचा माणूस, यावर सगळं येऊन थांबतं.

यातला सगळ्यात मोठा धडा आपल्याच राज्यातला आहे. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ मुख्यमंत्री. सिमेंट तेव्हा कंट्रोलवर, परमिट असल्याशिवाय मिळायचं नाही, आणि बिल्डरांना सिमेंट द्यायच्या बदल्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसाठी देणग्या घेतल्या असा आरोप. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावरची फौजदारी तक्रार पोलिसांनी नाही, भाजपचे रामदास नायक यांनी केली, खासगी तक्रार. अंतुल्यांच्या बाजूनं मुद्दे निघाले की खासगी माणूस अशी तक्रार करूच शकत नाही, आणि मुख्यमंत्रिपद गेलं तरी मी आमदार आहे म्हणजे लोकसेवक आहे म्हणजे पुन्हा मंजुरी हवी. विशेष न्यायाधीशांनी मंजुरीचा मुद्दा मान्य करून त्यांना १९८३ मध्ये सोडलंसुद्धा.

मग फेब्रुवारी १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी दोन्ही मुद्दे उडवले. एक, भ्रष्टाचाराची तक्रार कुणीही नागरिक कोर्टात करू शकतो. दोन, मंजुरी फक्त ज्या पदाचा गैरवापर झाला त्या पदासाठी लागते, आणि ते पद गेलं असेल तर मंजुरीची गरजच नाही. म्हणजे माजी झालात की ढाल गेली. तुम्ही-आम्ही आज जी तक्रार करू शकतो ती या केसमुळे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच निकालात कोर्टानं केस लवकर संपावी म्हणून ती परस्पर हायकोर्टाकडे वर्ग केली, आणि १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं म्हटलं की ती आमचीच चूक होती, कायद्यानं ही केस विशेष न्यायाधीशाकडेच चालायला हवी होती. राजीनाम्याला सहा वर्षं झाली आणि गाडी पुन्हा जवळपास मूळ जागी. पुढे खटला जलद चालण्याच्या हक्काबद्दलचा महत्त्वाचा निकालसुद्धा अंतुल्यांच्याच नावावर आहे. १९९५ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाचे इतके निकाल पाठ करावे लागतात, शिक्षेचा मात्र त्यात एकही नाही.

आता २६ जुलै २०१८ ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्या दिवशी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि माजी लोकसेवकांनाही मंजुरीचं संरक्षण मिळालं, म्हणजे पदावर असताना केलेल्या कामाबद्दल आता पद गेल्यावरही मंजुरी लागते. १९८४ ला गेलेली ढाल परत आली. शिवाय कलम १७अ आलं, त्यानुसार एखाद्या निर्णयाबद्दल किंवा शिफारशीबद्दल नुसती चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी हवी. रंगेहाथ पकडायचं असेल तर नको, पण मंत्री काय लाच घेताना टेबलाखाली हात घालतो का, त्याचं सगळं काम निर्णय आणि शिफारशीवरच चालतं. म्हणजे तलाठी सापळ्यात सापडतो आणि मंत्र्याची फाईल परवानगीला जाते. २०१८ नंतरच्या कुठल्याही केसमध्ये १७अ ची परवानगी घेतली होती का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आरोपीचा वकील पहिला बाण तोच मारतो. चंद्राबाबू नायडूंच्या केसमध्ये जानेवारी २०२४ मध्ये याच कलमावर सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांची मतं दोन दिशांना गेली.

मंजुरीचं राजकारण कसं चालतं ते बघायचं असेल तर मुंबईच्या आदर्श सोसायटीची केस बघा. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाणांनी नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा दिला, सीबीआयनं आरोपपत्र दिलं. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल शंकरनारायणन यांनी मंजुरी नाकारली. मग २०१४ ला दिल्लीत आणि मुंबईत दोन्हीकडे सरकारं बदलली, राज्यपाल बदलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये हायकोर्टानं ती रद्द केली, कारण एकदा नाकारलेली मंजुरी पुन्हा द्यायची तर नवीन आणि कोर्टात टिकणारा पुरावा हवा आणि तो नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. यात कोण बरोबर ते मी सांगत नाही. फक्त प्रत्येक तारखेच्या शेजारी त्या वेळी केंद्रात आणि राज्यात सरकार कुणाचं होतं तो एक कॉलम आखा, बाकी काही लिहायची गरज पडत नाही.

माहिती अधिकार इथेच कामाला येतो. "केसचं काय झालं" असं विचारू नका, तपासात अडथळा येईल म्हणून ते नाकारता येतं. विचारायचं फक्त टपालाचं: तपास यंत्रणेचा प्रस्ताव विभागाला कोणत्या तारखेला मिळाला, आवक क्रमांक काय, सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, निर्णय झाला असेल तर तारीख. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील वीस रुपयांत. मंजुरीवर निर्णय तीन महिन्यांत आणि कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एका महिन्यात व्हावा असं कायद्यात लिहिलंय. तुमच्या अर्जाला आलेल्या उत्तरात त्याहून जास्त काळ दिसला तर बातमी तुमच्या हातात आहे.

तारखा

कोर्टातल्या केसेस बघायचं ई-कोर्टचं सरकारी ॲप फ्री आहे. प्रत्येक केसला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो मिळाला की काम झालं, नाही मिळाला तर जिल्हा आणि कोर्ट निवडून आरोपीच्या नावानं शोधा. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि स्पेलिंगचा गोंधळ ठरलेला, त्यामुळे नुसतं आडनाव आणि वर्ष टाकून बघा. मागच्या प्रत्येक तारखेला काय झालं ते तिथे एका ओळीत दिसतं. दहा वेळा सलग "आरोपी गैरहजर" किंवा "मुदत मागितली" दिसलं तर ती केस कुठल्या वेगानं चाललीय ते कुणी सांगायला नको.

भ्रष्टाचाराचा खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढ धरूनही एकूण चार वर्षांच्या पुढे जाऊ नये असं २०१८ पासून कायद्यात आहे. आता प्रत्यक्ष. जळगावची घरकुल योजनेतल्या घोटाळ्याची केस, फेब्रुवारी २००६ मध्ये तेव्हाचे पालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली, माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली, ते चार वर्षांहून जास्त आत राहिले, आणि निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टात. सगळे ४८ आरोपी दोषी, जैन यांना सात वर्षं आणि १०० कोटी दंड, गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. फिर्याद ते निकाल साडेतेरा वर्षं, आणि ही यशस्वी केस मानली जाते बरं का. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, फिर्यादी स्वतः त्या कार्यालयातला अधिकारी होता आणि पुरावा म्हणजे ठराव, टेंडर, बिलं. साक्षीदार फितूर होतो, ठरावाच्या वहीवरची सही फितूर होत नाही.

अजून एक दरवाजा लक्षात ठेवा, खटला मागे घेणे. सरकार बदललं की "राजकीय आंदोलनातले गुन्हे मागे" वगैरे जीआर निघतात आणि त्यातून भलतंच काही वाहून जाऊ शकतं. ऑगस्ट २०२१ पासून सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे की आजी-माजी खासदार-आमदारांवरचा खटला हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा केसेसवर लक्ष ठेवायची जबाबदारीही हायकोर्टांवर टाकली.

निकाल लागला, आता?

इथे दोन शब्द पाठच करा. "शिक्षेला स्थगिती" म्हणजे अपील चालू असेपर्यंत बाहेर. "दोषसिद्धीला स्थगिती" म्हणजे दोषी ठरवलं तेच थांबवलं. आमदारकी दुसऱ्यानं परत मिळते, पहिल्यानं नाही. सुनील केदारांना नागपूर जिल्हा बँकेच्या २००२ च्या घोटाळ्यात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षं शिक्षा झाली, आमदारकी लगेच गेली, जानेवारीत हायकोर्टातून जामीन मिळाला तेव्हा फटाके वाजले पण आमदारकी काही परत आली नाही, कारण दोषसिद्धी तशीच होती. २०२४ च्या विधानसभेला सावनेरमधून पत्नी उभ्या राहिल्या.

आमदारकी लगेच जाते ती सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालामुळे. त्याआधी तीन महिन्यांत अपील केलं की खुर्ची शाबूत. लालूप्रसादांची खासदारकी चारा घोटाळ्यात गेली ती त्याच वर्षी, आणि मुख्यमंत्रिपद सोडल्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक बंद, कैद झाली तर कैद आणि वर सुटल्यापासून सहा वर्षं.

आणि खालच्या कोर्टाचा निकाल म्हणजे शेवट समजू नका. तामिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललितांना बेहिशेबी मालमत्तेच्या केसमध्ये सप्टेंबर २०१४ मध्ये चार वर्षं आणि १०० कोटी दंड, मे २०१५ मध्ये कर्नाटक हायकोर्टातून सुटका, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं खालचा निकाल बरोबर ठरवला तेव्हा त्यांचं निधन होऊन दोन महिने झाले होते. तुरुंगात त्यांच्या निकटवर्तीय आणि सहआरोपी शशिकला गेल्या. नरसिंह रावांना २००० मध्ये शिक्षा झाली होती, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सोडलं. जयललितांच्या केसमधली एक युक्ती मात्र खरंच कामाची: त्या पुन्हा सत्तेत आल्यावर विरोधकांनी सुप्रीम कोर्टात जाऊन २००३ मध्ये केसच तामिळनाडूबाहेर, बंगळुरूला नेली. आरोपीच सरकार असेल तर सरकारी वकील कुणाचा, हा प्रश्न त्यांनी वेळेत विचारला.

सूड की न्याय, हे कसं ओळखायचं

आतेभावाचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. मी तीन गोष्टी बघतो. पुरावा कागदाचा आहे की फक्त कुणाच्यातरी जबाबाचा, आणि जबाब देणारा स्वतः माफीचा साक्षीदार आहे का. गुन्हा घडला असं म्हणतात ते वर्ष आणि गुन्हा नोंदवला ते वर्ष, मधल्या काळात यंत्रणा काय करत होती. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, माणसानं पक्ष बदलल्यावर केसचा वेग बदलला का. तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर केस आधी सूडाची होती नाहीतर आता दाबली जातेय, दोन्हीपैकी एक नक्की. आणि हे आपल्या आवडत्या नेत्यालाही लावायचं. मी लावलं, वहीतलं एक पान फाडावंसं वाटलं होतं.

स्वतः तक्रार करायची असेल तर

१०६४ हा एसीबीचा टोल फ्री नंबर, पण तो लाच मागितली तर सापळ्यासाठी. मोठ्या घोळासाठी लेखी तक्रार, प्रमाणित प्रती जोडून, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. लोकायुक्तांकडे जाता येतं, तिथली तक्रार प्रतिज्ञापत्रासह लागते. पोलिसांनी दखल घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी कळवून मग कोर्टात, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५६(३), आता नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १७५(३). पण २०१८ नंतर नुसत्या नागरिकाला मंजुरी मागायची असेल तर आधी कोर्टात तक्रार करावी लागते आणि कोर्टानं "मंजुरी आणा" म्हटल्यावरच सरकारकडे अर्ज करता येतो, त्यामुळे इथे वकिलाशिवाय उडी मारू नका. आणि कोर्टात कागद दिल्याशिवाय फेसबुकवर "चोर" लिहू नका, अब्रुनुकसानीची नोटीस यायला तीन महिने लागत नाहीत, तीन दिवसांत येते.

हे सगळं करायला वेळ नसेल तर निदान निवडणुकीच्या वेळी उमेदवाराचं फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साईटवरून उतरवून घ्या. प्रलंबित गुन्हे, एफआयआर नंबर, कोर्ट, आरोप निश्चित झाले का, सगळं त्यात साहेबांच्या स्वतःच्या सहीनं असतं. मागच्या निवडणुकीचंही उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एखादी केस यादीतून गायब दिसली तर ती कशी गेली, समरी, दोषमुक्ती, मागे घेतली की निकाल लागला, ते ई-कोर्टवर शोधायला दहा मिनिटं लागतात. मामांना मी हे शिकवलंय. आता ते ग्रुपवर सीएनआर नंबर टाकतात आणि आत्या त्याखाली फूल टाकते.